साळूचं निळं बटण

“आवडलं नाही तर तोंडावर सांगायचं. मागं नाही, आडून नाही, नवऱ्याच्या कानात नाही. तोंडावर. आणि ‘छान’ हा शब्द या खोलीत आणायचा नाही. छान म्हणजे काय, तर कुणी वाचलंच नाही.”

साळूमावशींनी हे बजावलं तेव्हा त्या वाचनालयाच्या बालविभागात, मुलांच्या बुटक्या स्टुलावर, गुडघे हनुवटीशी घेऊन बसल्या होत्या. समोर उभी असलेली बाई नुकतीच नोकरीला लागली होती. मुलं तिला पुढं गोष्टताई म्हणू लागली. एवढ्या नावाजलेल्या लेखिकेला आपण काय तोंडावर सांगणार, असं तिच्या मनात आलं होतं. पण मावशी उत्तराची वाट बघत बसूनच राहिल्या, तेव्हा ती हळूच म्हणाली, “सांगेन. वचन देते.”

हे वचन तिनं वर्षानुवर्षं पाळलं. मावशींची कामाची रीतच निराळी होती. नवी गोष्ट लिहून झाली की ती छापायला जायच्या आधी बालविभागात यायची. सतरंजीवर मुलं बसायची, गोष्टताई वाचायची, आणि मावशी कपाटाच्या मागं, भिंतीकडं तोंड करून, पेन्सिल घेऊन बसायच्या. गोष्ट त्यांना पाठच असायची. त्या ऐकायच्या ती सतरंजी. कुठं चुळबुळ झाली, कुठं कुणाला एकदम पाणी प्यायचं आठवलं, कुठं दोघांनी एकमेकांना चिमटे काढले, तिथं कागदावर रेघ. रेघ पडली की तेवढं पुन्हा लिहायचं. “पोरांच्या बुडाइतका खरा टीकाकार जगात नाही,” असं त्या म्हणायच्या. शब्द त्यांचा. गोष्टताई तो उच्चारत नसे, पण ऐकताना तिला हसू आवरत नसे. मुलं पांगली की मावशी विचारायच्या, “आता तू बोल.” आणि गोष्टताई बोलायची. हळू आवाजात, पण बोलायची. कितीतरी पुस्तकांत तिच्या बोलण्यानं बदललेली पानं होती आणि ती कुठली हे दोघींनाच ठाऊक होतं.

सगळी पुस्तकं साळूची. साळू म्हणजे एक विसरभोळी साळिंदरीण. ती बाहेर फिरून आली की तिच्या काट्यांत काही ना काही अडकलेलं असायचं. कुणाचा मोजा, कुणाची टोपी, एकदा तर टपालवाल्याचं अख्खं पाकीट. मग ज्याचं त्याला परत करायला साळू निघायची. प्रत्येक पुस्तक घरातून सुरू व्हायचं आणि कुणाच्या तरी दारात संपायचं. शेवटच्या पुस्तकात तिच्या काट्याला एक निळं बटण अडकलं होतं. साळूनं सगळ्यांना विचारलं, कुणाचंच निघालं नाही. “उद्या पुन्हा विचारीन,” असं म्हणून साळू ते उशाशी घेऊन झोपली आणि पुस्तक संपलं. मुलांनी गोष्टताईला भंडावून सोडलं. त्यांत एक मुलगी होती, तिच्या बोलण्यात सारखं ‘कशाला’ यायचं म्हणून तिचं नावच कशालाबाई पडलं होतं. ती म्हणाली, “कशाला असं अर्धं सोडलं? बटण कुणाचं ते सांगा.”

मावशी कपाटामागून म्हणाल्या, “पुढच्या पुस्तकात.”

मग मुलांनीच शोध घ्यायला सुरुवात केली. घरात कुठं निळं बटण दिसलं की ते घेऊन यायची आणि विचारायची, हे आहे का? गोष्टताईनं खिडकीत एक पत्र्याची डबी ठेवली. डबी भरत आली, पण पुढचं पुस्तक काही आलं नाही.

आली ती कादंबरी. जाडजूड, करड्या मुखपृष्ठाची, मोठ्यांची.

गोष्टताईला ती बातमी वरच्या मजल्यावरून कळली, हेच आधी तिला लागलं. वाचनालयाचा मोठ्यांचा विभाग वर होता. काचेची कपाटं, हिरव्या कापडाची लांब टेबलं आणि चपला काढून ठेवल्यासारखी शांतता. तिथले ग्रंथपाल सहसा जिना उतरत नसत. त्या दिवशी ते नवंकोरं पुस्तक घेऊन स्वतः खाली आले आणि म्हणाले, “अहो, तुमच्या साळूमावशी आता आमच्याकडं आल्या. आणि हे पाहिलंत का? तुमच्या घरचंच नाव छापलंय.”

पहिल्या पानावर लिहिलं होतं, की ही कादंबरी लेखिकेला प्रथम मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या बाईंचे आभार. आणि खाली नाव होतं ते गोष्टताईच्या नणंदेचं.

नणंदेला सगळे बेबीताई म्हणत. केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले तरी बेबी ती बेबीच. ती रेडिओवर होती. सकाळी हवामान वाचायची, दुपारी बाजारभाव. तिची आणि मावशींची ओळख गोष्टताईच्याच स्वयंपाकघरात झाली होती, गोष्टताईनंच केलेल्या चहावर. आपल्याच हातानं कप पुढं केले होते, हे आठवून तिला आता कसंसंच झालं. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते हेच, असं तिच्या मनात आलं. बरं, परकं कुणी असतं तर निदान घरी येऊन बोलता आलं असतं. इथं बोलायचं कुणाजवळ? नवरा तर बहिणीचं नाव छापून आलं म्हणून खुशीत होता. जेवताना म्हणाला, “आता बेबीताई पावसाचा अंदाज सांगेल तोही कादंबरीसारखा. पाऊस येईल का, हे शेवटच्या पानावर.” गोष्टताईनं त्याच्या ताटात न मागता भात वाढला आणि ती आत गेली.

तिला नेमकं काय झालं होतं, हे तिचं तिलाही सरळ सांगता आलं नसतं. मुलांसाठी वाईट वाटत होतं, हे खरं. साळू अर्ध्यात राहिली होती. पण रात्री अंथरुणावर पडलं की डोळ्यांपुढं मुलं येत नसत. एक खोली यायची, मावशी भिंतीकडं तोंड करून बसलेल्या, हातात पेन्सिल, आणि वाचणारा आवाज दुसऱ्याच बाईचा. त्या चित्रानं तिची झोप उडायची.

तिचा एक नेम होता. सकाळी दिवा लावायचा आणि तोंडातून पहिला शब्द काढायच्या आधी हात जोडून मनाशी म्हणायचं, आज माझ्या तोंडून कुणाचं वाईट जाऊ नये. लग्नाआधी आईनं घालून दिलेला नेम, आजारपणातसुद्धा न मोडलेला. मत्सर म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण तो परक्याच्या घरात राहतो असं तिला वाटत असे.

कादंबरीचा समारंभ वरच्या दालनात झाला. आदल्या दिवशी शिपाई खाली येऊन मुलांची सतरंजी घेऊन गेला, व्यासपीठावर अंथरायला चांगली सतरंजी नव्हती म्हणून. गोष्टताई मागच्या रांगेत बसली. तिथून तिला माणसांची डोकी दिसत होती आणि व्यासपीठाची कड. सतरंजीवर कशालाबाईनं एकदा जांभळा रंग सांडला होता, तो डाग मावशींच्या खुर्चीच्या पायाशी दिसत होता. मोठमोठी माणसं बोलली. एकानं तर सांगितलं, की लेखिका आता खऱ्या अर्थानं साहित्यात आल्या. इतकी वर्षं त्या कुठं होत्या मग? जिन्याखाली? मावशींनी त्या गृहस्थाकडं नुसतं चष्म्यावरून पाहिलं. पण काही बोलल्या नाहीत, आणि गोष्टताईनं तेही लक्षात ठेवलं.

मग बेबीताई उठली आणि तिनं एक पान वाचलं. सरळ, सपाट, वाक्याला वाक्य जोडत. दुपारनंतर आकाश अंशतः ढगाळ राहील, असं म्हणावं तसं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोष्टताईच्या ओठांवर ते पान आपोआप दुसऱ्या तऱ्हेनं फिरत होतं. इथं थांबायला हवं होतं, इथं आवाज खाली घ्यायला हवा होता, हा शब्द असा टाकून द्यायचा नव्हता.

माणसं पांगल्यावर मावशी जिन्याच्या कठड्याला धरून सावकाश खाली आल्या. बालविभागाच्या दारात थांबल्या. आत सतरंजी नव्हती, फरशी उघडी पडली होती.

“वाचलंस?” त्यांनी विचारलं.

गोष्टताईनं ते पहिलं पान आणि दोन-चार पानं चाळण्यापलीकडं काही वाचलं नव्हतं. पुस्तक आठवडाभर तिच्या पिशवीत होतं, उघडलं की आभारच दिसायचे.

“हो,” ती म्हणाली. “छान आहे.”

मावशी म्हणाल्या, “छान?”

“छान.”

मावशींनी चष्मा काढला, पदराच्या टोकानं पुसला आणि पुन्हा लावला. लांब राहणाऱ्या त्यांच्या मुलीचा विषय निघाला की त्या असाच चष्मा पुसायच्या. मुलगी कित्येक वर्षं आली नव्हती आणि का आली नाही हे गोष्टताईनं कधी विचारलं नव्हतं. “बरं,” एवढंच म्हणून मावशी गेल्या.

त्यानंतरचे दिवस गोष्टताईनं मोठ्या शिताफीनं घालवले. नेम तिनं मोडला नाही. रोज दिवा लागत होता, रोज हात जुळत होते, आणि तोंडून कुणाचं वाईट जात नव्हतं. मुलांना सोडायला येणाऱ्या आया विचारायच्या, “काय हो, साळूमावशींची नवी कादंबरी कशी आहे? घ्यावी का?” तेव्हा गोष्टताई हातातल्या पुस्तकाच्या कव्हरवरून तळवा फिरवायची, क्षणभर गप्प राहायची आणि म्हणायची, “मी काही म्हणत नाही. तुम्हीच बघा बाई.” एवढंच. वाटलंच तर एक सुस्कारा. एक आई वर जाऊन कादंबरीसाठी थांबलेल्यांच्या यादीतून आपलं नाव काढून आली. दुसरीनं तिसरीला सांगितलं, की गोष्टताई काही म्हणत नाहीत, पण त्यांचा चेहरा बघा. कशालाबाईनं विचारलं, की साळूमावशी का येत नाहीत, तेव्हा ती म्हणाली, “त्या आता मोठ्या माणसांच्या झाल्या गं.” मुलगी खिडकीतल्या डबीकडं बघत राहिली. मग म्हणाली, “मग ही कशाला ठेवली?”

गोष्टताईनं डबीचं झाकण लावलं.

एका दुपारी बसथांब्यावर मावशी भेटल्या. त्यांच्या हातात औषधांची पिशवी होती, चेहरा उतरलेला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. बस वळणावर दिसली तेव्हा मावशी तिच्याकडं न बघता म्हणाल्या, “ऐकलं मी. तू काही म्हणत नाहीस म्हणे.”

आणि बसमध्ये चढल्या.

गोष्टताई थांब्यावर उभीच राहिली. आपली बस आली ती समोरून गेली. लाज वाटायला हवी होती, ती वाटली थोडी, पण तिच्या आधी राग आला. हे मावशींच्या कानावर घातलं कुणी? दुसरं कोण असणार? ती तशीच पायी निघाली आणि थेट बेबीताईच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

बेबीताई बाजारभाव वाचून नुकतीच घरी आली होती आणि पाय गरम पाण्यात सोडून बसली होती. गोष्टताई उभ्याउभ्याच, हळू आवाजात, पण न थांबता बोलली. घरातल्या माणसानं घरातल्या माणसाचं बाहेर नेऊ नये, मान मिळाला तेवढा पुरे होता, वर ही चहाडी कशाला. बेबीताईनं सगळं ऐकून घेतलं. रेडिओवर आपली पाळी येईपर्यंत दुसऱ्याचं ऐकून घ्यायची तिला सवय होती.

“मी सांगितलं नाही,” ती म्हणाली. “पण सांगायला माणूस कशाला लागतो? निम्म्या गावाला ठाऊक आहे तू काही म्हणत नाहीस ते. आणि मान म्हणतेस तो कुठला गं? बैस आधी.”

गोष्टताई बसली नाही.

“त्यांनी मला का बोलावलं माहितीय का तुला?” बेबीताईनं पाय पाण्यातून काढले. “मला वाटलं, माझा आवाज आवडला असेल. चांगली साडीबिडी नेसून गेले. तर बाई म्हणतात कशा, ‘तुम्ही भिंतीसारख्या वाचता, मला भिंतच पाहिजे.’ माझ्या तोंडावर. मी म्हटलं, आमची वहिनी आहे की, एवढं सुंदर वाचते. तर म्हणाल्या, ‘तेच तर. तिच्या आवाजात किराणा मालाची यादीसुद्धा पोरं टाळ्या वाजवून ऐकतील. इतकी वर्षं माझं लिहिणं चाललं, का तिचा आवाज चालला, मला कळलेलंच नाही. एकदा तिच्याशिवाय उभं राहतंय का, ते बघू दे.’ आता बोल. रोज कपाळ आपटायला जावं तशी जात होते मी. त्या भिंतीकडं तोंड करून बसायच्या आणि मी भिंतीसारखं वाचायची. दोन भिंतींमध्ये कादंबरी. हा माझा मान.”

गोष्टताई आता बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते सुखाचं होतं की कशाचं, हे तिला ठरवता येईना. इतके दिवस ती नणंदेवर जळत होती, आणि नणंद मात्र तिच्यावर. आणि मावशी? त्याही तिच्यावरच.

“तू वाचलंयस का तरी?” बेबीताईनं विचारलं.

“थोडं.”

“म्हणजे नाही.” बेबीताई उठली, कपाटावरचं पुस्तक काढून तिनं तिच्या मांडीवर ठेवलं. “मग काही म्हणत नाहीस ते कशाच्या जोरावर? वाच. मोठ्यानं वाच. मीही कधी ऐकलेलं नाही, नुसतं वाचलंय.”

गोष्टताईनं आभाराचं पान उलटलं आणि सुरुवात केली. पहिल्याच संवादाला बेबीताई खुदकन हसली. “अगं, ती बाई नवऱ्याशी भांडतेय. ससा नाही बोलत कोल्ह्याशी.”

गोष्टताई लाजली. मग तिनं आवाजातली सगळी सजावट एकेक करून उतरवून ठेवली, पाहुण्यांकडून आल्यावर बांगड्या उतरवून ठेवाव्यात तशी, आणि साधं वाचू लागली. त्या दिवसापासून रोज दुपारी, वाचनालयातून सुटलं की ती बेबीताईकडं जायची. चहा व्हायचा, गुडघ्यांची विचारपूस व्हायची आणि वाचन सुरू व्हायचं.

गोष्ट एका आईची होती. तिची मुलगी भांडून घर सोडून गेलेली. आई रोज मुलीची खोली झाडते, उशीचे अभ्रे बदलते आणि लोकांना सांगते, ती शिकायला गेलीय. सांगून सांगून तिला आपलं सांगणंच खरं वाटायला लागतं. मग एक दिवस शेजारीण सहज विचारते, की कुठल्या गावी? आणि आईला गाव सांगता येत नाही. हे पान वाचताना गोष्टताईला थांबावं लागलं. आवाजाची कसलीही मदत नसताना ते पान उभं होतं. ती थांबली तेव्हा बेबीताई मांडीवर हात ठेवून, मान कलती करून बसली होती.

मावशी मुलांच्या खोलीत हे का वाचून घेऊ शकल्या नाहीत, हे आता गोष्टताईला कुणी सांगायची गरज राहिली नव्हती. आवाजाचं कारण खरं असेलही. पण जिनं कधी मुलीबद्दल विचारलं नाही, त्या आपल्याच तोंडून मावशींनी हे ऐकायचं? तिला पदराच्या टोकानं चष्मा पुसणारे ते हात आठवले, आणि त्या हातांना आपण दारातल्या दारात ‘छान’ दिलं होतं. सकाळी दिव्यासमोर उभी राहिली तेव्हा तिला नेहमीचं वाक्य म्हणवेना. तोंडून वाईट जाऊ नये, हे ठीक. पण जे सुस्काऱ्यातून गेलं, कव्हरवरून तळवा फिरवताना गेलं, त्याचं काय? देव काय नुसतं तोंड बघतो? तिनं हात जोडले आणि त्या दिवशी काहीच म्हटलं नाही.

शेवटचं प्रकरण त्याच दुपारी आलं. आई कपाट हलवते. कपाटामागं, धुळीत, मुलीच्या लहानपणच्या कोटाचं एक निळं बटण सापडतं. आई ते पदरात पुसते, सुई-दोरा शोधायला वळते आणि दाराची घंटा वाजते. दारात मुलगी उभी.

गोष्टताई वाचत होती आणि बेबीताई उठली. भिंतीवरचं कॅलेंडर जरा वाकडं होतं, ते तिनं सरळ केलं.

गोष्टताई वाचायची थांबली.

“का थांबलीस?”

“तुम्ही उठलात.”

“मग? पाय अवघडले.”

“इतके दिवस नाही अवघडले.”

बेबीताई कॅलेंडरापासून वळली. मग म्हणाली, “खरं सांगू? मला तेव्हाही इथं खटकलं होतं. एवढी करारी मुलगी, बटण सापडल्याबरोबर आली कशी? पण मला कुठं कुणी विचारलं. वाच म्हणाल्या, वाचलं. भिंतीला कोण विचारतं?”

गोष्टताईला लगेच आनंद झाला. अगदी आत, लबाडासारखा. सापडली चूक. मला दाखवलं असतं तर ही राहिली असती का? तो आनंद तिनं ओळखला आणि ती गप्प बसून राहिली, पातेल्यातलं उतू चाललेलं दूध खाली बसेपर्यंत थांबावं तशी. तो बसल्यावर खाली जे उरलं ते मात्र खरंच होतं. शेवट खोटा होता. मावशींना तिथं धीर झाला नव्हता. आयुष्यभर जी दारं त्यांनी मुलांसाठी उघडली त्यांतलंच एक दार त्यांनी स्वतःसाठी घाईघाईनं उघडून घेतलं होतं. साळू बटण घेऊन दारात येते तशी मुलगी आली. आणि त्यासाठी बटण घेतलं ते मुलांचं. कशालाबाई ज्याची वाट बघत होती ते.

हे सांगायचं कसं? पुस्तक छापून झालेलं. ज्या बाईची मुलगी आली नाही, तिला जाऊन सांगायचं की तुमच्या कादंबरीतली मुलगीही यायला नको होती? गोष्टताईनं ते बेबीताईला विचारलं.

“नको सांगूस मग,” बेबीताई म्हणाली. “छान म्हणून झालंय की तुझं एकदा.”

टोमणा बरोबर जिथं बसायचा तिथं बसला. बेबीताई हवामान सांगते तशीच ते बोलली होती, चढउतार न करता. गोष्टताईनं पुस्तक मिटलं आणि पिशवीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी बालविभागात एक आई पुस्तक बदलायला आली आणि म्हणाली, की ती कादंबरी तुम्हाला आवडली नाही असं ऐकलं. गोष्टताईचा तळवा सवयीनं कव्हरवर गेला होता, तो तिनं उचलून घेतला.

“मी तेव्हा वाचलीच नव्हती,” ती म्हणाली. “आता वाचली. घ्या तुम्ही. गाव विचारते ते पान आलं की एकट्याच बसा. शेवटाबद्दल मला बोलायचंय, पण ते आधी त्यांच्याशी.”

ती बाई थोडी गोंधळून वर गेली. कशालाबाई खिडकीत कोपर टेकून हे ऐकत होती.

“कशाला त्यांच्याशी बोलायचं?”

“वचन दिलंय म्हणून.”

“मग बटणाचंही विचाराल?”

“विचारीन.”

“आणि नाही म्हणाल्या तर?”

“तर तेही येऊन तुला सांगीन. जसं असेल तसं.”

मुलीनं तिच्याकडं जरा संशयानं पाहिलं. मोठी माणसं असं बोलली की काय होतं याचा तिला अनुभव होता. मग तिनं फ्रॉकच्या खिशातून एक बटण काढलं. निळं कसलं, करडंच होतं ते, उजेडात धरलं तर जरासं निळं. तिनं ते डबीत टाकलं आणि झाकण दाबून बसवलं.

वाचनालय बंद व्हायची वेळ झाली. मुलं गेली. सतरंजी परत आली होती आणि जांभळा डाग आपल्या जागी होता. गोष्टताईनं बुटकी स्टुलं भिंतीशी लावली. कपाटामागचं एक मात्र तिथंच राहू दिलं. काय बोलायचं ते तिनं मनात जुळवून बघितलं. आधी गाव विचारण्याचं पान, की ते कसं लागलं. मग शेवट. आणि मग, किंवा कदाचित सगळ्याच्या आधी, ती स्वतः. की मी वाचल्याशिवाय छान म्हटलं, मी आयांपुढं सुस्कारे टाकले, दुसऱ्या कुणी वाचलं म्हणून मला झोप आली नाही. एवढं बोलून झाल्यावर मावशी आत घेतील की दारातूनच लावून देतील, हे काही सांगता येत नव्हतं. दार लावलं तर उद्या पुन्हा जायचं, एवढं तिनं ठरवलं.

वरच्या मजल्यावर ग्रंथपाल खिडक्या लावत होते. त्यांनी जिन्यावरून वाकून विचारलं, की आज बेबीताईंकडं नाही का?

“नाही,” ती म्हणाली. “आज साळूमावशींकडं.”

“काही निरोप आहे का आमचा? लोक फार छान छान म्हणतायत, सांगा त्यांना.”

“तो तुम्हीच सांगा,” ती म्हणाली.

तिनं चपला घातल्या, खिडकीतली डबी उचलून पिशवीत पुस्तकाच्या बाजूला ठेवली आणि दार ओढून घेतलं. चालताना डबीतली बटणं खुळखुळत होती. कोपऱ्यावर वळताना आवाज होऊ नये म्हणून तिनं पिशवी छातीशी धरली आणि ती मावशींच्या गल्लीला लागली.